त्यांचं तारण झालं का, हे मला विचारू नका

राम राम. जय मसीह की. जय जोहार. ज्याला जो चालतो त्यानं तो घ्यावा, आज या हॉलमध्ये तिन्ही लागतात.

मी सुलभा. समोर ज्यांचा फोटो ठेवलाय त्या दिगंबररावांची बायको. तुमच्यातले निम्मे लोक त्यांना दिगू भैया म्हणायचे. भनपुरीचे ड्रायव्हर लोक पार्टवाले काका म्हणायचे, कारण तिथे त्यांचं ट्रकच्या पार्टचं दुकान. मी 'अहो' म्हणायचे. आता 'अहो' कोणाला म्हणू?

थांबा जरा. रीमा, पाणी दे.

हं. तर अशा सभेत प्रत्येक जण म्हणतो की बोलणं कठीण आहे, शब्द सुचत नाहीत. मला शब्द सुचतात. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं मी, शब्दांची अडचण कधी झाली नाही. माझी अडचण निराळी आहे. मी रडायला म्हणून उभी राहिले आणि मला राग येतो आहे. मघापासून येतो आहे. रागावलेली बाई शोकसभेत शोभत नाही हे मला कळतं. पण काय करू, तोच आहे माझ्याजवळ. नागपूरहून पाहुणे आलेत, म्हणून शुद्ध बोलायचा प्रयत्न करते. राग वाढला की माझी मराठी घरची होते, तेव्हा सांभाळून घ्या. आणि ज्यांना मराठी कळत नाही त्यांनी नंतर रीमाला विचारा. ती आमची मुलगी. तिला मराठी सगळी समजते, फक्त उत्तर हिंदीत देते.

राग कशाचा? पहिला राग या हॉलचा. बाहेर गेटवर कालच्या कोणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे अजून लटकलेत, पाहिलेत ना तुम्ही? पाहिलेच असणार, त्याच्या खालूनच आलात. दिगंबररावांची शोकसभा शंकर नगरच्या भाड्याच्या हॉलमध्ये काहून? कारण आमच्या चर्चच्या मंडळीनं सांगितलं, तिथे स्मरणसभा ठेवता येत नाही, त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. आणि भावजींनी, म्हणजे यांच्या धाकट्या भावानं, श्रीधररावांनी सांगितलं, आपल्या मोहल्ल्यात, बूढापाऱ्यात, समाजाच्या भवनात ठेवू, पण तिथे प्रार्थना-बिर्थना नको. म्हणजे एकीकडे ते चालत नव्हते आणि दुसरीकडे मी. मग राहिला हा हॉल. इथे सगळेच चालतात, भाडं दिलं की झालं.

दुसरा राग सांगते.

आज सकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. समोरच बसलेत. साहेब, तुम्ही भले माणूस आहात, यांच्या आजारपणात तुमच्याइतकं कोणी आलं नाही, हे मी सगळ्यांदेखत सांगते. पण सकाळी तुम्ही मला काय म्हणालात? "सुलभाताई, शेवटच्या दिवसांत त्यांनी तुमच्याजवळ प्रभूचा स्वीकार केला असेल. एकांतात बोलले असतील. तुम्ही आज सभेत तेवढी साक्ष द्या. मग रविवारी, प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची नावं आपण वाचतो, त्यात त्यांचं नाव घेता येईल."

ते गेले. त्यांच्या चहाचा कप मी अजून उचलला नव्हता, तर भावजी आले. "वहिनी, एक विनंती आहे. दादा शेवटपर्यंत आपल्यातच होता, एवढं सभेत सांगून टाका. समाजाचे लोक विचारून राहिले."

एकाला 'हो' पाहिजे. एकाला 'नाही' पाहिजे. आणि दोघांनाही ते माझ्या तोंडून पाहिजे. तुम्हीही सगळे त्याचसाठी कान टवकारून बसलात, मला दिसतं. शाळेत चाळीस पोरं सांभाळली आहेत मी, कोण फळ्याकडे पाहतं आणि कोण खिडकीबाहेर, ते मला वर न पाहता कळतं. तेव्हा सांगते. दिगंबरराव शेवटी काय बोलले ते सांगते. पण आधीचं ऐकल्याशिवाय ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून जरा दम धरा.

मी जन्माची ख्रिस्ती, माहेर अमरावतीकडचं. हे बूढापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातले. लग्न कोर्टात झालं. त्या दिवसापासून त्या घराचा दरवाजा आम्हाला बंद. सासूबाई गेल्या तेव्हा यांना खांदासुद्धा देऊ दिला नाही. भावजी, मान खाली घालू नका. मी तक्रार करायला उभी नाही. पण आज ही गोष्ट सांगायची तर हे गाळता येत नाही.

आता आमचे हे. दर रविवारी मला स्कूटरवर चर्चला न्यायचे. सोडून परत जायचे का? नाही. शेवटच्या बाकावर, दाराशी बसायचे. गाणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. उपदेश ऐकायचे आणि घरी येऊन मटार सोलता सोलता त्याची चिरफाड करायचे. आणि प्रभुभोजनाची वेळ आली, भाकर आणि द्राक्षारस पुढे आला, की हे हळूच उठायचे. "गाडी फिरवून ठेवतो." दर वेळी हेच. अहो, कोणती गाडी होती ती, जी फिरवायला जन्म लागला? मालगाडी होती का?

हसा, हसा. ते पण हसायचे. म्हणूनच तर राग यायचा.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, म्हणजे आमचं भांडण काय होतं ते कळेल. आम्ही मानतो की माणूस पापातून स्वतःच्या जोरावर सुटू शकत नाही. कितीही पुण्य केलं, कितीही दान केलं, तरी ते पुरत नाही. म्हणून देव स्वतः खाली आला. येशूनं आपला जीव देऊन माणसाला सोडवलं. जे आपण कधीच भरू शकलो नसतो ते त्यानं भरलं. याला आम्ही तारण म्हणतो. आणि ते फुकट आहे. कमवायचं नाही, विकत घ्यायचं नाही, फक्त विश्वासानं घ्यायचं. त्याला कृपा म्हणतात. चांगली कामं मागून येतात, त्यांच्या बदल्यात तारण मिळत नाही. बस, इतकंच आहे. लहान पोराला कळतं.

यांना कळत नव्हतं. छे, चुकलं. यांना कळत होतं, पटत नव्हतं. आणि काहून पटत नव्हतं? आता माझी मराठी गेली पाहा. जाऊ द्या. काहून पटत नव्हतं, तं 'फुकट' या शब्दापाशी ह्या माणसाची गाडी अडायची.

तुम्हाले तं माहीतच आहे त्यांचा स्वभाव. आपल्यात पद्धत आहे, कोणाचा डबा आला, वाटी आली, तं रिकामी परत द्यायची नाही. काही नसलं तं चिमूटभर साखर टाकून द्यायची. सगळेच पाळतात. पण हे जे पाळायचे ते पाळणं नव्हतं, तो आजार होता. मागच्या गल्लीतल्या साहूबाईंनी एकदा वाटीभर कढी पाठवली. वाटी घासून, साखर टाकून देऊन टाकावी ना? नाही. हे भर उन्हात जाऊन पेढे घेऊन आले आणि वाटी भरून पाठवली. आता साहूबाई तरी रिकामी कशी ठेवतील? त्यांनी लाडू पाठवले. यांनी डाळिंबं पाठवली. त्यांनी अइरसा, म्हणजे इकडचा गुळाचा अनारसा, पाठवला. असं सुरूच. शेवटी त्या बाई स्वतः आल्या, वाटी माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ये कटोरी ला अब तुहीं मन राख लव दीदी, मैं हाथ जोड़त हँव." आता तुम्हीच ठेवून घ्या म्हणे. ती वाटी अजून आमच्या घरी आहे. साहूबाई तिथे बसल्यात, विचारा त्यांना.

आता अशा माणसाले मी सांगून राहिली की येशूनं तुमच्यासाठी जीव दिला, आणि बदल्यात काही द्यायचं नाही.

काय म्हणायचे, माहीत आहे? म्हणायचे, "मले सांग सुलभे. त्यानं माझ्यासाठी जीव देला. बरोबर? मंग देण्याच्या आधी मले इचारलं काहून नाही? मी नाही म्हटलं असतं. आपल्यासाठी कोणाले मरू देते का माणूस?"

याले काय उत्तर द्यायचं? साहेब, तुमच्याजवळ आहे का उत्तर? मले आठवते, तुम्ही आमच्याकडे चहाले आले होते आणि यांनी तुम्हाले हेच विचारलं. तुम्ही म्हटलं, "दिगंबरराव, देणाऱ्याला तुमच्याकडून काहीच नको. तुम्ही फक्त हात पुढे करा." आणि हे म्हणाले, "हात पुढं करणं म्हणजे मागणं झालं, साहेब. ते मी बापाजवळही केलं नाही." आणि तुम्हाले जबरदस्तीनं एक किलो चिवडा बांधून दिला.

मंग काय करायचे? घेता येत नव्हतं म्हणून फेडत राहायचे. चर्चच्या गेटला तेल कोण टाकायचं? हेच. पंखा बंद पडला, हे. नाताळात मांडव घालायले भनपुरीहून ट्रकभर बांबू, हे. लोक म्हणायचे, दिगू भैया किती सेवा करतात. मी आतून जळायची. अहो, ही सेवा नाही, ही वाटी भरणं चालू आहे! मी ओरडून सांगायची त्यांना. देवाशी कोणी असा हिशेब सारखा करत बसते का? ते म्हणायचे, "तुझ्या देवाचा पंखा घरघर आवाज करून राहिला होता. त्यात धर्म कुठून आला?"

कसं भांडावं अशा माणसाशी!

आता बूढापाऱ्याची गोष्ट. दरवाजा बंद होता, मान्य. तरी हे दर दिवाळीले त्या घरी फराळाचा डबा पाठवायचे. माणूस डबा ठेवून यायचा. काही दिवसांनी डबा परत यायचा. घासलेला, पुसलेला, लखलखीत. आणि रिकामा. एक साखरेचा दाणा नाही. ज्याले वाटीभर कढीचं ओझं व्हायचं त्याच्या घरी सख्ख्या भावाचा रिकामा डबा. हे तो डबा उघडायचे, आत पाहायचे, झाकण लावायचे आणि माळ्यावर ठेवून द्यायचे. मी म्हणायची, नका पाठवू हो पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी पुन्हा पाठवायचे.

आपल्यात रिकामा डबा म्हणजे काय, हे कोणाले सांगायले नको. तुमचं आमचं संपलं, असा त्याचा अर्थ.

मंग यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, पण बोललेलं कळायचं. आणि देवानं, माझ्या त्या देवानं, ज्याले कधी काही घ्यायचं नव्हतं त्याले असं झोपवलं की दुसऱ्यानं पाजल्याशिवाय पाणी नाही. मी अंग पुसायची, हे भिंतीकडे तोंड करायचे. रीमा नखं कापायची, तं मले खुणेनं सांगायचे, हिले काहीतरी दे. अहो, पोटची पोरगी आहे! कोणी भेटायले आलं की यांचं एकच, चहा पाजा त्याले, नाश्ता द्या, रिकामं पाठवू नका. स्वतःले कूस वळता येत नाही आणि पाहुण्याच्या चहाची काळजी.

मी विचारलं का त्यांना? विचारलं. साहेब, तुम्ही सकाळी हेच विचारत होते ना? विचारलं. हात जोडून विचारलं. मी म्हटलं, "अहो, आता तरी म्हणा. एकदा म्हणा, की मी घेतलं. मले ऐकू द्या." म्हणाले, "कोणाले बरं वाटावं म्हणून म्हणू? तुले का त्याले?" मी हातातला टॉवेल आपटला आणि बाहेर जाऊन बसली. मरणाऱ्या माणसावर कोणी रागावते का? मी रागावली.

आता का रागावली ते सांगते, म्हणजे तुम्हाले वाटायचं नाही की ही बाई धर्मवेडी आहे. मले भीती वाटते. कोर्टात सही केली त्या दिवसापासून वाटते. की मी मरेन, आणि मी जिथे जाईन तिथे हे नसतील. इतक्या रविवारी मी ही भीती घेऊन पहिल्या बाकावर बसली आणि मागे वळून पाहत राहिली, की आज तरी हे बाकावर आहेत का गाडी फिरवायले गेले. त्यांना नरक मिळंल असं मी कधी बोलली नाही. बोलवलंच नाही. पण स्वर्गात जाऊन मले यांच्याशिवाय राहावं लागलं तं मी तिथे करू काय? कोणाशी भांडू?

काय म्हणतेस रीमा, "मम्मी, बस भी करो ना"? नाही बेटा. आता शेवटचंच राहिलं. बस तू.

मंदा.

मंदा, तू त्या खांबामागे बसली आहेस. येतानाच मी पाहिलं. नको येऊ पुढे, तिथेच बस, पण नीट ऐक. बाकीच्यांना सांगते, मंदा म्हणजे श्रीधर भावजींची बायको, माझी जाऊ.

यांच्या आजारपणात एका दुपारी बेल वाजली. दार उघडलं तं मंदा. लग्न झाल्यापासून त्या घरचं माणूस आमच्या दारात पहिल्यांदा. हातात स्टीलचा डबा. "वहिनी, दादांना गोळाभात आवडते, म्हणून." इतकंच बोलली. आत ये म्हटलं तं मान हलवली आणि गेली. रिक्षा थांबवून ठेवली होती तिनं.

मी डाळीच्या पिठाचे ते गोळे भातात मऊ कुस्करले, वरून फोडणीचं तेल घातलं, आणि भरवलं. डॉक्टरनं तेल नको म्हटलं होतं. घातलं मी. यांनी खाल्लं. रोज दोन घासांत तोंड फिरवणारा माणूस, सगळं खाल्लं. खाता खाता डोळ्यातून पाणी. मी म्हटलं, तिखट झालं का? नाही म्हणाले. अजून दे म्हणाले.

मंग मी डबा धुतला. सवयीनं साखरेच्या बरणीकडे हात गेला. पलंग स्वयंपाकघराच्या दारातूनच दिसते, यांना सगळं दिसायचं. म्हणाले, "काय टाकून राहिली?"

"साखर."

"नको. रिकामाच दे."

मी बरणीचं झाकण लावलं. आणि खरं सांगू का तुम्हाले, मले बरं वाटलं. मले वाटलं, वा! इतक्या दिवाळ्यांचे रिकामे डबे यांनी एका डब्यात परत केले. झालं एकदाचं बरोबर. माझ्या तोंडावर ते दिसलं असंल. यांनी डाव्या हातानं मले जवळ बोलावलं. जीभ जड होती, एकेक शब्द वेळ घेऊन येत होता. म्हणाले, "तसं नाही गं. तिनं देलं. मी खाल्लं. आता त्याच्यात काही टाकलं, तं फेडलं असं होईल. मले फेडायचं नाही. राहू दे माझ्यावर."

राहू दे माझ्यावर.

हे कोण बोललं? वाटीभर कढीसाठी उन्हात पेढे आणायले जाणारा माणूस. चर्चच्या पंख्याचंसुद्धा ओझं वाटणारा माणूस. जन्मभर मी जे समजावून समजावून थकली, साहेब तुम्ही थकले, तुमच्या आधीचे पाळक थकले, ते ह्या माणसाले गोळाभातावर कळलं. मी तिथेच स्टुलावर बसली. आणि मले राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, मंग माझ्या प्रभूचंही असंच राहू द्या ना तुमच्यावर. त्याचंही फेडू नका. राहू द्या."

बोलली मी. आणि वाट पाहिली. सगळ्या रविवारांची वाट त्या मिनिटात पाहिली मी.

आणि ह्या माणसानं काय म्हणावं?

म्हणाले, "उशी सरकव."

उशी सरकवली मी. झोपले. त्याच आठवड्यात, दुपारी, झोपेतच गेले. त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

घ्या. ही माझी साक्ष. साहेब, याच्यात तुमचं 'हो' कुठं बसते ते पाहा. भावजी, तुमचं 'नाही' कुठं बसते ते पाहा. मी दोघांनाही याच्या पलीकडे एक अक्षर देणार नाही. मी खोटं बोलली असती, तं रविवारी नाव वाचलं गेलं असतं आणि मले बरं वाटलं असतं. पण त्यांनी मले विचारलं होतं ना, कोणाले बरं वाटावं म्हणून म्हणू? मी तरी कोणाले बरं वाटावं म्हणून म्हणू?

साहेब, मी तुम्हाले शिकवत नाही. तुमच्याकडूनच शिकली आहे. तुम्हीच म्हणता, तारण कमवायचं नसते. मंग मले सांगा, ते एक वाक्य बोलल्यावरच मिळंल, इतक्या शब्दांत बोलल्यावरच मिळंल, साक्षीदार असल्यावरच मिळंल, तं ते वाक्यच त्याची किंमत झाली की नाही? फुकट कुठं राहिलं? तुम्ही म्हणाल, पण हात तं पुढे करावा लागते, सुलभाताई. खरं आहे. मी पण तेच मानते. मी एवढंच सांगते की त्या दुपारी मी एक हात पुढे आलेला पाहिला. डावा होता. माझ्या देवाकडे होता का जावेच्या डब्याकडे, ते मले माहीत नाही. माझा देव एखाद्या दुपारी रिक्षात बसून गोळाभात घेऊन येत नसंल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता का?

नाही ना. मंग नाव वाचायचं तं वाचा, नाही वाचायचं तं नका वाचू. मी पहिल्या बाकावर असेनच.

आता मंदा. या सगळ्या लोकांसाठी नाही, खरं तर तुझ्यासाठी मी माइक घेतला. डबा रीमाच्या हातानं पाठवला होता मी. तिले काही सांगितलं नव्हतं, ती देऊन आली. आणि परवा भावजींनी सांगितलं, की तू डबा उघडला आणि ओट्याजवळ खाली बसली. म्हणाली, दादांनी माफ नाही केलं. मरता मरता रिकामा डबा पाठवला. तेव्हापासून तू जेवणात मन लावत नाहीस म्हणे. माझ्यासमोर येत नाहीस. आजही खांबामागे बसली आहेस.

वेडे, तुझं अन्न त्यांनी ठेवून घेतलं. त्या डब्यात काही टाकलं असतं, तं तुले इतरांसारखं केलं असतं, साहूबाईसारखं, माझ्यासारखं, देवासारखं. सगळ्यांचं फेडलं त्यांनी. एकट्या तुझंच फेडलं नाही. जन्मात एकदा त्यांनी कोणाचं काही घेतलं, ते तुझं. आणि तू रडत बसली आहेस! मले हेवा वाटते तुझा, समजलं? इतकी वर्षं मी त्यांच्या ताटात वाढलं, आणि दर घासाले 'तू जेवली का' विचारून त्यांनी मले फेडलं. तुझं मात्र घेतलं. आता जेव नीट. आणि उद्या घरी ये. आत ये. दारातून जाऊ नको.

हं. झालं माझं.

राहिली ती भीती. ती गेली का? नाही गेली. लोकांना वाटते, शोकसभेत बाईनं शेवटी म्हणावं, मले शांती मिळाली. मले नाही मिळाली. मले त्यांचा राग आहे, ते शेवटपर्यंत मले नीट उत्तर देऊन गेले नाहीत म्हणून. पण रोज सकाळी प्रार्थनेले बसते तेव्हा मी आता त्यांच्यासाठी भीक मागत नाही. सरळ भांडते. म्हणते, प्रभू, तू जीव देला तेव्हा ह्या माणसाले विचारलं नव्हतं. आता घेतानाही विचारू नको. ह्याचा स्वभाव तुले माहीत आहे, हा 'हो' म्हणणार नाही. उचल आणि आत ने. उत्तर येत नाही अजून. आलं तं कोणाले सांगणार नाही, ते आमच्यातलं आहे.

आता शेवट. पद्धत अशी आहे की उभं राहून दोन मिनिटं शांत राहायचं आणि गेलेल्याले श्रद्धांजली द्यायची. हार तुम्ही घातलेच आहेत. ते असते तं एकेका हाराच्या बदल्यात तुमच्या घरी येऊन गेले असते, हे तुम्हालेही माहीत आहे आणि मलेही.

तं आज उभं राहू नका. हो, बसा, बसा. काका, तुम्ही पण बसा, गुडघे दुखतात तुमचे. मानही देऊ नका त्यांना. प्रार्थना देऊ नका, मंत्र देऊ नका, अश्रूही आवरता आले तं आवरा. या माणसाले कोणी काही द्यायचं नाही, म्हणजे त्याले तिथे बसल्या बसल्या फेडायची घाई होणार नाही. दोन मिनिटं फक्त त्यांच्याकडे पाहा, आणि त्यांनी तुम्हाले जे काही दिलं असंल ते आपल्यावर राहू द्या.

पंखा बंद कर रे कोणीतरी.

बसा.